दाराआडून घेतलेलं माप

नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भासरे म्हणतात. भासऱ्यांपुढे डोक्यावर पदर घ्यायचा, त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, त्यांच्यासमोर खायचं-प्यायचं नाही, आणि चुकूनसुद्धा हात लागू द्यायचा नाही. नव्याण्णव साली लग्न होऊन मी गोंदियाजवळच्या कामठ्याच्या बाजूच्या त्या गावात आले, तेव्हा पहिल्याच दिवशी सासूबाईंनी हे सगळं एका दमात सांगितलं. मी गोंदियातच वाढलेली, रस्त्यावर हिंदी आणि घरात मराठी बोलणारी, नागपूरहून दातांची डॉक्टर होऊन आलेली. मनात म्हटलं, हे काय भलतंच! लोकांच्या तोंडात हात घालायचं शिक्षण घ्यायचं आणि घरातल्याच माणसाकडे मान वर करून बघायचं नाही!

पण रीत दोन्हीकडून असते, हे मला नंतर कळलं. भासरे घरात शिरताना अंगणातूनच मोठ्यानं खोकायचे, म्हणजे मला आत सरकायला वेळ मिळावा. ओसरीवर ताट आलं की मी तिकडून जाणार नाही याची खात्री झाल्याशिवाय घास उचलायचे नाहीत. मला काही सांगायचं असलं की माझ्या जाऊबाईंना सांगायचे, आणि जाऊबाई घरात नसल्या तर भिंतीला. "आज बांधीत रोवणा आहे, जेवण लवकर लागल," असं भिंतीला सांगून निघून जायचे. धानाच्या शेताला आमच्याकडे बांधी म्हणतात आणि रोपं लावण्याला रोवणा. मी आतून भांडं वाजवायचं, म्हणजे ऐकलं. अशी आमची वर्षानुवर्षं बोलणी चालायची. मी नवऱ्याशी यावरून कितीदा भांडले त्याला गणती नाही. तो बापडा म्हणायचा, "तुला त्रास काय आहे त्यांचा?" त्रास काहीच नव्हता, हाच तर त्रास होता.

कारण खरं सांगायचं तर त्या घरात मला सगळ्यांत जास्त सांभाळलं असेल तर भासऱ्यांनीच. लग्नानंतर गोंदियात दवाखाना टाकायचा विषय निघाला तेव्हा सासूबाई अडून बसल्या. घरची सून रोज गावातून शहरात जाणार, परक्या पुरुषांच्या तोंडात बघणार, लोक काय म्हणतील? मी आत चुलीपाशी रागावून बसले होते. भासरे ओसरीवर होते. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "शिकली कायले मंग? घरी बसाले? दवाखाना टाकू द्या तिले." एवढंच. विषय संपला. त्या दिवशी मी पहिल्यांदा भांडं जरा जास्तच जोरात वाजवलं.

दवाखाना चालू लागला. दोन हजार बाराच्या सुमारास मी एक नवं यंत्र आणलं. दात एकमेकांवर कुठे टेकतात हे बघायला आम्ही निळा कागद वापरतो. रोग्यानं तो चावला की जिथे दात टेकतात तिथे निळा डाग उमटतो. पण डाग उमटला म्हणजे तिथे जोर किती पडला, आणि कोणता दात आधी टेकला, कोणता मागून, हे कागद सांगत नाही. नव्या यंत्राला एक मूठ होती, मुठीच्या टोकाला दातांच्या कमानीच्या आकाराची पातळ पट्टी, आणि मुठीतून निघालेली वायर लॅपटॉपला. पट्टी चावली की पडद्यावर प्रत्येक दातावर एकेक रंगीत खांब उभा राही. जोर कमी असला तर निळा आणि बुटका, जास्त असला तर लाल आणि उंच. क्षणाक्षणाला कोणता खांब आधी उठला तेही दिसे. रोगी खुश होत. "डॉक्टरीणबाईच्या टीव्हीवर दात दिसते," असं गावोगाव झालं होतं.

त्याच सुमारास भासऱ्यांचं दुखणं सुरू झालं. खरं म्हणजे ते आधीच सुरू झालं होतं, मला उशिरा कळलं. डावीकडच्या खालच्या दाढेवर त्यांनी पूर्वी कधीतरी बाहेरगावी कॅप बसवून घेतली होती. मग त्या बाजूला ठणका लागला, कानापर्यंत जाणारा. एका ठिकाणी दाखवलं, त्यानं कॅपच्या पुढची दाढ काढली. ठणका थांबला नाही. दुसऱ्या ठिकाणी दाखवलं, त्यानं मागची काढली. तरी ठणका आहेच. घरात दातांची डॉक्टर असताना हा माणूस परक्या गावांत जाऊन दाढा उपटून येत होता! मला हे समजलं तेव्हा मी जाऊबाईंवर इतकी चिडले की विचारू नका.

"बाई, मला सांगायचं तरी!"

"का सांगू? तुह्याजवळ तोंड उघडून बसल का तो मानूस? तूच सांग."



आता तिसऱ्या डॉक्टरनं सांगितलं होतं की वरची दाढ काढावी लागेल, जी त्या कॅपवर टेकते ती. भासऱ्यांच्या उजवीकडच्या दाढा आधीच झिजून, पडून संपल्यासारख्या. म्हणजे चावायचं म्हणून जी काही जागा उरली होती, ती ही एकच जोडी, खाली कॅप आणि वर ती दाढ. ती गेली की झालं. मग जन्मभर पेज आणि कालवलेला भात. हा माणूस असा की बांधीवर जाताना खिशात फुटाणे घेऊन जाणारा, ऊस सोलायला विळा लागत नाही म्हणून मिरवणारा. गेले काही महिने मात्र ताटात नुसता गिजगा, मऊ शिजवलेला भात आणि वरण असे. गाल आत गेले होते. ओसरीवरून जाताना पदराच्या कडेनं मला ते दिसत होतं.

दाढ काढायच्या आधी एकदा माझ्याकडे दाखवा, हे मी नवऱ्याकरवी, जाऊबाईंकरवी, शेवटी भिंतीकरवी सांगितलं. म्हणजे मी स्वयंपाकघरातून मोठ्यानं म्हटलं, "टीव्हीवाल्या यंत्राला हात लावावा लागत नाही. पट्टी आपणच धरायची अन् आपणच चावायची." ओसरीवर खोकला. मग जाऊबाईंना उद्देशून, "इचार तिले, सोमवारी येऊ का?"

सोमवारी आले. जाऊबाई सोबत. माझ्या दवाखान्यात मी डोक्याला हिरवी टोपी घालायचे, त्या टोपीवरून ओढणी घेऊन उभी. बाहेर बसलेल्या बाया तोंडाला हात लावून हसत होत्या. खुर्चीत बसताना भासऱ्यांनी मान दुसरीकडे वळवली ती वळवलीच. मी लॅपटॉपसमोर त्यांच्याकडे पाठ करून बसले. जाऊबाईंना मूठ कशी धरायची ते शिकवलं. त्यांनी ती भासऱ्यांच्या हातात दिली. मी म्हटलं, "चावायला सांगा."

पडद्यावर पुढच्या दातांवर दोन-तीन निळे ठिपके उमटले, उंदरानं कागद कुरतडावा तसे. मागे काहीच नाही. पुन्हा चावायला सांगितलं. पुन्हा तेच. मी तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा ठिपके आणखी फिके झाले.

मला वाटलं, झालं. कॅपवर जोर पडतच नाही. कॅप उंच असती, तर आधी तीच टेकली असती, सगळा भार तिच्यावर आला असता, आणि ठणक्याचं कारण सापडलं असतं. घासून थोडी खाली केली की काम भागलं असतं. पण यंत्र सांगत होतं की मागच्या दाढा एकमेकींना भेटतच नाहीत. मग दोष त्या वरच्या दाढेतच असणार. मग ती काढावी लागणार. मी पाठ करून बसले होते ते बरंच झालं, कारण माझे डोळे भरून आले होते. जाऊबाईंना म्हटलं, "बसा, चहा घेऊन जा." काय सांगायचं ते ठरवायला मला वेळ हवा होता.

दवाखान्यातल्या मदतनीस बाईनं चहा आणला. जाऊबाईंनी घेतला. भासऱ्यांनी कप हातात घेतला आणि बाजूच्या स्टुलावर ठेवून दिला. चहावर साय धरली. त्यांनी त्या कपाकडे बघितलंसुद्धा नाही.

आणि माझ्या डोक्यात लख्ख पेटलं. अगं माय! जो माणूस माझ्यासमोर चहाचा घोट घेत नाही, तो माझ्यासमोर दात आवळून चावेल कसा? त्यांनी माझी पट्टी चावलीच नव्हती. ओठ मिटून, पुढच्या दातांनी, शरमेनं नुसती धरली होती. मी पाठ केली म्हणून काय झालं, खोलीत तर होतेच ना! यंत्रानं इमानेइतबारे जे दिसलं ते दाखवलं. ते त्यांच्या दातांचं माप नव्हतंच. आणि त्यावरून मी त्यांची दाढ काढायला निघाले होते. स्वतःच्याच कानाखाली एक द्यावीशी वाटली.

खरं कारण मी सांगितलं नाही. "यंत्र आज बरोबर चालत नाही," असं सांगून त्यांना घरी पाठवलं. रविवारी यंत्राची पेटी आणि लॅपटॉप मी घरीच आणले.

ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दार होतं, दाराला पडदा. ओसरीच्या बाजूनं दाराला लागून खुर्ची ठेवली. मी आत, जमिनीवर बसून, लॅपटॉप पाटावर. वायर पडद्याखालून बाहेर. वीज गेलेली, ती आमच्याकडे रविवारी जाणारच, पण लॅपटॉपची बॅटरी भरलेली होती. मी आत आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण मी दिसत नव्हते, आणि आमच्या रीतीत तेवढं पुरतं. जाऊबाई दोन्हीकडची माणसं सांभाळत दारात बसल्या. एक पाय आत, एक बाहेर.

"पट्टीची मधली खाच पुढच्या दोन दातांच्या मध्ये," मी आतून सांगितलं.

"कळते वं मले. तू तुह्या टीव्हीकडे पाह्य."

"आता चावायला सांगा."

"चावा जी."

लॅपटॉपच्या पडद्यावर पुन्हा निळे ठिपके. पण या वेळी मागेही दोनचार होते. मी म्हटलं, "अजून जोरानं."

"अजी, जोरानं म्हणते ते."

वर जवळच्या बिरसी विमानतळावरच्या शाळेचं छोटं विमान घरघरत गेलं, कोणीतरी पोरगा विमान शिकत होता. त्या आवाजात भासरे काहीतरी पुटपुटले. मला ऐकू आलं नाही. जाऊबाई मात्र एकदम तडकल्या.

"लाजून कायले राहिले आता? तो शेजारचा गेल्या साली आपल्या बांधीचा पाणी फोडून घेऊन गेला, तवा कसे दात खाऊन राहिले होते? तसं चावा! डोळ्यापुढं आना त्याले!"

काय सांगू! पडद्यावर डावीकडे, मागे, एकच लाल खांब सरकन उभा राहिला. बाकी सगळं निळं, हिरवं, बुटकं. उजवीकडचे खांब तर मागाहून रेंगाळत आलेले. आणि तो एक तेवढा लाल, सगळ्यांच्या आधी उठलेला, सगळ्यांच्या वर. नेमका कॅपवर.

"पुन्हा!" मी ओरडले. रीतबीत विसरून, थेट ओरडले. जाऊबाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा तो लाल खांब. पुन्हा सगळ्यांच्या आधी.

मी पाटावर कपाळ टेकवून हसले आणि रडले. कॅप उंच होती. केसभर उंच. बसवली त्या दिवसापासून तोंड मिटलं की आधी तीच टेकत होती, घरातल्या अख्ख्या ओझ्याखाली एकट्याच बैलाला जुंपावं तशी, आणि जबडा तिला चुकवायला दिवसभर वाकडा चालत होता. ठणका तिथला होता. दोन चांगल्या दाढा उगाच गेल्या होत्या. वरची निर्दोष होती. ती वाचवता येत होती.

जाऊबाईंना सगळं समजावून सांगितलं. कॅप जराशी घासायची, पुन्हा चावून बघायचं, पुन्हा घासायची, खांब सारखे होईपर्यंत. पण ते काम पट्टीसारखं दुरून होणारं नव्हतं. त्यासाठी तोंडात हात घालावाच लागणार. गोंदियात माझ्यासोबत शिकलेला एक डॉक्टर होता, पुरुष. त्याच्याकडे पाठवते म्हटलं, मी बाजूला बसून लॅपटॉपचा पडदा बघेन, तो घासेल.

पडद्यापलीकडून भासऱ्यांचा आवाज आला, पहिल्यांदाच असा कडक. "परक्याच्या हातानं दोन दाढा गेल्या माह्या. आता तिसऱ्याच्या हातात तोंड देत नाही म्हणावं."

"मंग कोनाच्या देता?" जाऊबाईंनी विचारलं.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग अंगणात खोकला. ते बांधीवर निघून गेले. मी पेटी बांधली. मला इतका राग आला होता, त्यांचा, रीतीचा, माझा, की त्या रात्री मी नवऱ्याशी विनाकारण भांडले. दाढ वाचवता येत होती आणि एका पदरापायी जात होती.

आठवडाभरानं, दुपारी, दवाखान्यात गर्दी नसताना ते आले. एकटे. जाऊबाईसुद्धा सोबत नाहीत. मी खुर्चीतून उठून भिंतीला लागले आणि ओढणी ओढली. माझ्याकडे न बघता ते सरळ रोग्याच्या खुर्चीत जाऊन बसले, मागे टेकले. खांद्यावरचा दुपट्टा काढला, झटकला, आणि कपाळापासून नाकापर्यंत चेहऱ्यावर नीट पसरून घेतला. कडा कानांखाली खोचल्या. मग तोंड उघडलं.

मी तिथेच उभी. मदतनीस बाई माझ्याकडे बघत राहिली. एवढी वर्षं त्यांच्यासमोर पदर मी घेत होते. त्या दुपारी त्यांनी घेतला.

मी हातमोजे चढवले. मनात स्वतःला एक शिवी दिली, ती इथे लिहीत नाही. मग आत बघितलं. ज्या माणसाचा चेहरा मी कधी धड पाहिला नव्हता, त्याचं तोंड मी आतून पाहत होते. कॅपच्या दोन्ही बाजूंना दोन रिकाम्या जागा, भरून आलेल्या, गुळगुळीत. निळा कागद ठेवला, डाग पाहिला, डागावर जराशी घासणी फिरवली. पट्टी दिली. "चावा," मी म्हटलं. थेट. दुपट्ट्याखालचा माणूस जबडा आवळून चावला, कोणतीही लाज न ठेवता. त्यांच्या लेखी मी तिथे नव्हतेच ना. लाल खांब थोडा उतरला. पुन्हा घासलं. पुन्हा पट्टी. असं कितीदा तरी. शेवटी तो खांब हिरव्यांमध्ये मिसळला, आणि उजवीकडचे झिजलेले दातही त्याच्याबरोबरीनं, एकाच वेळी, वर आले.

"झालं," मी म्हटलं आणि पाठ केली. मागे दुपट्टा झटकल्याचा आवाज आला. पावलं दारापर्यंत गेली, तिथे जरा थांबली. मग निघून गेली. बाहेर बाकावर कोणी नव्हतं, आणि भिंतीलाही ते काही बोलले नाहीत. मला जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. एवढं सगळं झालं आणि एक खोकलासुद्धा नाही?

त्यानंतर आमच्या घरात काही बदललं नाही. अंगणातून खोकला, माझा पदर, भिंतीला निरोप, सगळं होतं तसंच. जाऊबाई सांगायच्या, ठणका कमी आहे, पण माणूस अजून भातच मागतो, घाबरून आहे. सवय लागली होती त्या दाढेला जपायची. मी म्हणायचे, चावू द्या, काही होत नाही. पण ते मी कोणाला म्हणणार?

मग एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात वरण फोडणीला घालत होते. भासरे ओसरीवर आले. नेहमीची त्यांची जागा समोरच्या खांबापाशी. त्या दिवशी ते तिथे बसले नाहीत. खुर्ची ओढत दारापाशी आले, पडद्याला अगदी लागून बसले, तिथेच, जिथे त्या रविवारी बसले होते. मला कळेना काय चाललंय. कागदाची पुडी उलगडल्याचा आवाज आला. आणि मग,

कुर्रम. कुर्रम. कुर्रम.

फुटाणे. डावीकडून. मुद्दाम तोंड मोठं करून, मोठ्यानं, अख्ख्या ओसरीला ऐकू जाईल असे. माझ्यासमोर पाण्याचा घोट न घेणारा तो माणूस माझ्या दारापाशी बसून मला चावण्याचा आवाज ऐकवत होता. मी फोडणी तशीच टाकली आणि पडद्याजवळ चौकटीला पाठ टेकवून बसून राहिले. वरण करपलं तर करपो.

पुडी संपत आली तशी ते थांबले. जाऊबाई अंगणात होत्या, ओसरीवर दुसरं कोणीच नव्हतं. भिंतीकडे नाही, जाऊबाईंकडे नाही, पडद्याकडे तोंड करून त्यांनी विचारलं.

"आवाज येऊन राहिला का तिकडं?"

माझा हात सवयीनं भांड्याकडे गेला. मग मी तो मागे घेतला.

"येऊन राहिला जी," मी म्हटलं.